मोहरीचा झणका येतो कुठून?

नाशिकला थंडी पडली की आमच्याकडे गाजराच्या लोणच्यासाठी मोहरी फेसतात. राई बारीक वाटायची, गार पाण्याचे शिंतोडे द्यायचे आणि घोटत राहायचं. पाच-दहा मिनिटांत झणका थेट नाकात चढतो. अख्ख्या दाण्याला मात्र वासही नसतो.

कारण झणका दाण्यात आयता नसतोच. सिनिग्रिन हा पदार्थ काही पेशींत असतो आणि त्याला तोडणारं मायरोसिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळ्या पेशींत. दाणा फुटून पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि अलाइल आयसोथायोसायनेट तयार होतं. कुरतडणाऱ्या किड्यांपासून बचावाची ही वनस्पतीची सोय! हे रसायन पटकन उडतं, म्हणून नाक झोंबतं. ठेच्यातल्या मिरचीचं कॅप्सेसिन असं उडत नाही. त्याचा जाळ तोंडातच राहतो.

आई गरम पाण्याला हात लावू देत नाही. एकदा घाईत मी आधणाचं पाणी ओतलं आणि नुसता कडवट लगदा हाती आला. उष्णतेनं विकरच निकामी झालं होतं. फोडणीतली मोहरी खमंग लागते पण झोंबत नाही, तीही यामुळेच.

नुसत्या पाण्यातला झणका लवकर उतरतो, आंबटात तो जास्त टिकतो. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात १८५६ मध्ये झाँ नेजाँ यांनी मोहरीच्या सॉसमध्ये व्हिनेगरऐवजी कच्च्या द्राक्षांचा रस घातला आणि तो सॉस जगभर गेला. त्यात वापरतात ती मोहरी बहुधा आपल्या राईच्याच जातीची, ब्रासिका जुन्सिया.

राई आपली, द्राक्षंही आपली, मग हा सॉस नाशिकच्या ताटात का नसावा? मण्यांत पाणी उतरण्याआधी, म्हणजे ते मऊ आणि गोड होण्याआधी, द्राक्षांत टार्टरिक आणि मॅलिक आम्ल भरपूर असतं. मात्र बागेत घड विरळ करताना काढलेले मणी घेऊ नका, त्या घडांवर संजीवकं (वाढीवर परिणाम करणारी रसायनं) आणि औषधं मारलेली असतात. मी शेजारच्या अंगणातल्या, न फवारलेल्या वेलाचे मूठभर मणी ठेचून रस गाळला. तो मोहरी दहा मिनिटं फेसून झाल्यावरच घालायचा. आधी घातला तर आंबटामुळे विकराचं काम मंदावतं. मग मीठ आणि गुळाचा खडा.

बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर चमचाभर हा सॉस. आईनं पहिल्या घासाला डोळे पुसले आणि वाटी पुढे केली.