कैरी पाडायचा दगड आणि पिचरचं कोपर

"काका, ह्याला अठराव्या वर्षी टीमने घेतलं, एवढे पैसे दिले, आणि आता वर्षभर खेळणारच नाही? मग घेतलं कशाला?" दांडिया बाजारातल्या घरी पुतण्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर अमेरिकेतला एक पोरसवदा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू फेकणारा, होता, कोपराला बिजागरीचा पट्टा.

बेसबॉलमध्ये शाळा किंवा कॉलेजमधून ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू उचलतात त्यात, निवड होते खरी, पण ती मेजर लीगची, म्हणजे सगळ्यात वरच्या स्पर्धेची, नव्हे. आधी मायनर लीगच्या पायऱ्या चढायच्या: रूकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. बहुतेकांचा जिना मधेच संपतो. 2008 साली उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे!) आणि दिनेश पटेल ह्या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं, तेही मायनर लीगच्या पुढे पोहोचले नाहीत. पण ह्या जिन्यावर सगळ्यात आधी दगा देतं ते कोपर, आणि मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

झाडावरची कैरी पाडायला आपण दगड कसा मारतो, आठवा. कोपर वाकवून, हात मागे नेऊन. पिचर तेच करतो, फक्त भयंकर जोराने. पुढचा पाय जमिनीला टेकतो, कंबर फिरते, मागोमाग छाती फिरते आणि कोपरापासून पुढचा हात मागेच राहतो, इतका की तळहात आकाशाकडे होतो. ओला पंचा झटकताना त्याचं टोक मागे राहतं तसा. मग दंड स्वतःभोवती उलटा फिरतो, सेकंदाला सुमारे 7000 अंशांच्या वेगाने. म्हणजे सेकंदात एकोणीस गरके! अर्थात प्रत्यक्षात अर्धा गरकाही पुरा होत नाही, त्याआधीच चेंडू सुटलेला असतो.

ज्या क्षणी हात मागे राहतो आणि दंड पुढे निघतो, त्या क्षणी कोपराची आतली, म्हणजे छातीकडची बाजू उघडू पाहते. तिला धरून ठेवतो तो करंगळीच्या नखाहूनही अरुंद असा एक अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा. मोजमापांनुसार कोपरावर सुमारे 64 न्यूटन-मीटर इतकं पीळ देणारं बल येतं. कोपर बाजूने धरून तळहातात अठरा किलोचं पोतं लटकवावं, साधारण तसं. आणि मृतदेहांच्या कोपरांवर केलेल्या चाचण्यांत हा अस्थिबंध साधारण निम्म्या बलालाच तुटतो.

मग तो पहिल्याच चेंडूला का तुटत नाही? कारण मनगट आणि बोटं वाकवणारे स्नायू कोपराच्या त्याच बाजूला चिकटलेले असतात आणि भार वाटून घेतात. स्नायू दमले की वाटणी बिघडते. अस्थिबंध दमत नाही, तो उसवतो, एकेक धागा. तिकडे वेगाचा हव्यास वाढतोच आहे. मेजर लीगमधल्या वेगवान चेंडूची सरासरी 2008 मध्ये ताशी 148 किमीच्या आसपास होती, आता 151च्या पुढे गेली आहे.

क्रिकेटमध्ये कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ करायला बंदी. त्यामुळे हा चाबूक गोलंदाजाला वापरताच येत नाही, आणि त्याचा भार जातो पाठीच्या खालच्या मणक्यांवर. आपल्या बडोद्याच्या हार्दिक पंड्याची 2019 साली शस्त्रक्रिया झाली ती पाठीचीच.

1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन ह्या पिचरच्या कोपरात तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच मनगटातली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बसवली. त्याआधी ही दुखापत म्हणजे कारकीर्दीचा शेवट. जॉन मात्र 1989 पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर 164 सामने जिंकला. बसवलेली कंडरा सुरुवातीला निर्जीव दोरी असते. तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, पेशी येतात, आणि तिचा हळूहळू अस्थिबंध होतो. म्हणून वर्ष, दीड वर्ष थांबायचं. यावरून अमेरिकेत एक खूळ पसरलं की शस्त्रक्रियेने हात आधीपेक्षा वेगवान होतो, आणि काही पालक धडधाकट पोराच्या कोपराबद्दल विचारू लागले! हे आपल्याकडच्या हात बघणाऱ्यांसारखंच. तळहाताच्या रेषा म्हणजे आईच्या पोटात असतानाच पडलेल्या कातडीच्या घड्या. बघायचंच तर दोन बोटं खाली, मनगट बघावं.

अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मधोमध तार उठली, तर ती हीच कंडरा. साधारण सात-आठ जणांत एकाला ती नसते, आणि काही अडतही नाही. माझ्या डाव्या हाताला नाही. पुतण्याच्या दोन्ही हातांना आहे. आजी म्हणाल्या, "माझं नको बघू, पीठ लागलंय."

तिकडे तेरा-चौदा वर्षांच्या पोराने दिवसात 95 पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत असा दंडक आहे. पुतण्या दोन दिवसांपासून गच्चीत भिंतीवर टेनिसचा चेंडू फेकत होता, रीलमधल्यासारखा.

"आज किती टाकलेस?"

"मोजले नाहीत."

दुसऱ्या दिवशी मोजायला लावले. दुपारी जेवायला बसेपर्यंत एकशे चाळीस झाले होते.