सीमास्तर संक्रमण, ध्वनिवेगाजवळील

पंखाच्या पृष्ठभागाला लागून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. पृष्ठभागावर हवेचा वेग शून्य असतो आणि काही मिलिमीटरांतच तो बाहेरच्या प्रवाहाइतका होतो. ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडली. हा थर पंखाच्या पुढच्या कडेपाशी पापुद्र्यावर पापुद्रा सरकावा तसा, म्हणजे स्तरीय पद्धतीने वाहतो. पुढे त्यात भोवरे माजून तो संक्षुब्ध होतो. या बदलाला संक्रमण म्हणतात. संक्षुब्ध थराचे घर्षण स्तरीय थराच्या कितीतरी पट असते, त्यामुळे संक्रमण नेमके कुठे होते यावर विमानाचा इंधनखर्च बराच अवलंबून असतो.

कमी वेगात संक्रमणाची सुरुवात थरात उठणाऱ्या सूक्ष्म लाटांनी होते. टॉलमीन आणि श्लिख्टिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी त्यांचे गणित मांडले, पण अतिशय शांत प्रवाहाचे विंड टनेल, म्हणजे मॉडेलवरून हवा सोडून चाचणी घेण्याचे बोगदे, हाती येईपर्यंत त्या प्रयोगात दिसल्या नाहीत. लाटा वाढल्या की ठिकठिकाणी संक्षोभाचे ठिपके उमटतात आणि पसरत एकमेकांत मिसळतात. या मधल्या अवस्थेवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी केलेले काम १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले.

वेग ध्वनीच्या जवळ गेला की चित्र बदलते. प्रवासी विमान मॅक ०.८ च्या, म्हणजे ध्वनिवेगाच्या ०.८ पटीच्या, आसपास उडते, अर्थात ध्वनीपेक्षा हळू. पण पंखाच्या वरच्या बाजूची हवा वेग घेत ध्वनीलाही मागे टाकते. या टप्प्यात दाब घटत जातो आणि घटता दाब सीमास्तराला शांत ठेवतो. मग वेगवान हवेचा हा पट्टा बहुधा एका आघात तरंगाने, म्हणजे हवा अचानक मंदावणाऱ्या पातळ सीमेने, संपतो. तिथे दाब एकदम चढतो आणि पृष्ठभागाजवळच्या मंद हवेत त्या चढाला तोंड देण्याइतका जोर नसतो. स्तरीय थर तर थोड्याशा दाबवाढीनेही पृष्ठभाग सोडतो. सुटलेला थर फार अस्थिर असल्याने तिथल्या तिथे संक्षुब्ध होतो आणि पुष्कळदा पुन्हा पंखाला येऊन चिकटतो. तरंगाचा पायथा अशा वेळी दुभंगतो आणि ग्रीक लॅम्डा अक्षराचा आकार घेतो. झुरिकमध्ये आकेरेट व सहकाऱ्यांनी आणि कॅलिफोर्नियातील कॅल्टेक या संस्थेत लीपमन यांनी १९४६ च्या सुमारास स्तरीय आणि संक्षुब्ध थरांच्या वागण्यातला फरक दाखवून दिला. संक्षुब्ध थर मात्र तरंगापुढचा स्थानिक वेग साधारण मॅक १.३ होईपर्यंत तग धरतो, कारण भोवरे वरची वेगवान हवा सतत खाली आणत असतात. घर्षणाच्या हिशेबात खलनायक ठरलेला संक्षोभ इथे उपयोगी पडतो.

मागे वळवलेल्या पंखांवर आणखी एक भानगड असते. थरातली मंद हवा पंखाच्या लांबीच्या दिशेने सरकते, त्यातून आडव्या प्रवाहाची अस्थिरता निर्माण होते आणि संक्रमण पुढच्या कडेजवळच उरकते. कडेला चिकटलेले किडेही तेच करतात. प्रयोगात मॉडेलला नॅप्थलीनचा, म्हणजे डांबरगोळ्यांतल्या पदार्थाचा, पातळ लेप देतात. संक्षुब्ध भागातला लेप लवकर उडून जातो, स्तरीय भाग पांढरा राहतो. धुळीचा एखादा कण अडकला असेल तर त्याच्यामागे पाचरीसारखा काळा पट्टा उघडा पडतो.

विंड टनेलमधल्या मोजमापांवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. मॉडेल लहान असल्याने रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहाच्या जोराचे हवेच्या चिकटपणाशी असलेले प्रमाण, कमी भरतो आणि संक्रमण वेगळ्या जागी होते. म्हणून पुढच्या कडेजवळ खरखरीत कणांची पट्टी चिकटवून ते मुद्दाम घडवतात. पण अशा छोट्या मॉडेलवर सीमास्तर पंखाच्या मानाने जाड होतो आणि त्यामुळे आघात तरंगाची जागाही सरकते. सी-१४१ या मालवाहू विमानात आघात तरंग टनेलने सांगितलेल्या जागेपेक्षा प्रत्यक्ष उड्डाणात बराच मागे निघाला. पुढे अमेरिकेतील लँगली आणि जर्मनीतील कोलोन इथे द्रव नायट्रोजन सोडून वायू अतिथंड करणारे टनेल उभारले गेले. थंडीत वायूची घनता वाढते, श्यानता (चिकटपणा) घटते आणि लहान मॉडेलवरही रेनॉल्ड्स अंक खऱ्या उड्डाणाच्या जवळ नेता येतो.