एसीतला गॅस ‘संपत’ नाही

मे महिन्यातल्या एका दुपारी जनकगंजातून आत्याचा फोन आला. “अरे, मेकॅनिक आलाय. गॅस ख़त्म हो गई म्हणतोय. गेल्या वर्षी भरला, त्याच्या आदल्या वर्षीही भरला. आता पुन्हा भरून घेऊ, की मोडीत देऊन नवाच आणू?”

एसी २०११ साली घेतलेला. दीड टनाचा, उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम हवा देणारा. ग्वाल्हेरला तो दोन्ही ऋतूंत लागतो. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि जानेवारीतल्या पहाटे चार-पाच अंशांवर उतरतो.

“भरू नकोस,” मी म्हटलं. “आधी त्याला विचार, मागच्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठे?”

हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्कूटरमधलं पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही की झिजत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांत तोच किलोभर गॅस कारखान्यापासून भंगारापर्यंत फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे. आणि ते भोक कुठे आहे, यावरच दुरुस्ती की नवा याचा निकाल बऱ्याच अंशी लागतो. यंत्राचं वय त्यानंतर बघायचं.

हा गॅस नळ्यांतून फिरताना काय करतो, ते समजून घ्यायला माझ्या मते माठापासून सुरुवात करावी. माठ, वाळ्याची ताटी, कूलर ही सगळी एकाच तत्त्वावर चालतात: द्रवाची वाफ होताना तो आसपासची उष्णता ओढून घेतो. म्हणून मेच्या कोरड्या लूमध्ये कूलर झकास चालतो आणि जुलैत, हवाच ओलीगच्च असताना, नुसता चिकचिकाट करतो. एसीतही द्रवाची वाफच होते. फक्त ती हवेत न सोडता दाबून पुन्हा द्रव केली जाते आणि परत वापरली जाते.

आत्याच्या एसीत आर-२२ नावाचा गॅस होता. साध्या हवेच्या दाबाला तो उणे ४१ अंशांनाच उकळतो. पण दाब वाढला की उकळण्याचं तापमानही वाढतं. कुकरमध्ये पाणी शंभराच्या पुढे तापतं ते यामुळेच. आतल्या कॉइलमध्ये, म्हणजे खोलीतल्या युनिटमधल्या नळ्यांच्या जाळीत, मेकॅनिकचं गेज ७० पौंड (दर चौरस इंचाला) दाखवत असेल, तर आर-२२ तिथे ५ अंशांना उकळत असतो. खोली ३० अंशांची, कॉइल ५ अंशांची, त्यामुळे खोलीतली उष्णता आपोआप कॉइलमध्ये शिरते. पुढे गच्चीवरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर ती वाफ ३०० पौंडांपर्यंत दाबतो. एवढ्या दाबाला आर-२२ साधारण ५५ अंशांनाच द्रव होतो. म्हणजे गच्चीवरची ४५ अंशांची भाजणारी हवासुद्धा त्याच्यापेक्षा गारच असते आणि त्याची उष्णता घेऊन जाते. थोडक्यात, एसी थंडी तयार करत नाही, घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो.

थंडीत एक झडप हाच प्रवाह उलटा फिरवते आणि बाहेरच्या गार हवेतली उष्णता घरात येते. १८५२ मध्ये विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी दाखवून दिलं होतं की इंधनाची उष्णता थेट घेण्यापेक्षा त्या इंधनावर असं यंत्र चालवलं, तर घराला कितीतरी जास्त ऊब मिळते. सळीचा हीटर १५०० वॉट खाऊन १५०० वॉटच देतो. चांगल्या स्थितीतला हॉट अँड कोल्ड एसी तेवढीच ऊब साधारण ५०० वॉटांत देतो. मला या यंत्राचं जे कौतुक आहे ते यासाठी.

आता धरा की गॅस अर्धा गळाला. आतल्या कॉइलमधला दाब ७० वरून ४० पौंडांवर येतो आणि ४० पौंडांना आर-२२ उणे ८ अंशांना उकळतो. कॉइलच्या तोंडाशी बर्फ धरतो, तिथेच सगळा द्रव उडून जातो आणि पुढची कॉइल कोमट राहते. आत्याने मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत अगदी हेच दिसत होतं: डावीकडच्या चार नळ्यांवर पांढरा थर, उजवीकडे काहीच नाही. लोकांना बर्फ दिसला की यंत्र जोरात गार करतंय असं वाटतं. (मळलेल्या फिल्टरनेही बर्फ धरतो, पण तो बहुधा सगळ्या कॉइलभर पसरतो. त्यामुळे आधी फिल्टर धुऊन पाहावा.)

खरं नुकसान मात्र गच्चीवर चालू असतं. कॉम्प्रेसरची मोटर पोलादी डब्यात कायमची बंद असते आणि तिच्यावरून वाहणारा गॅसच तिची उष्णता वाहून नेतो. गॅस कमी पडला की मोटर तापते, तेल करपतं आणि एक दिवस वाइंडिंग जळतं. म्हणजे एका सैल नटाकडे तीन उन्हाळे दुर्लक्ष केलं की कॉम्प्रेसर जातो.

“प्रेशर बरोबर आहे” एवढ्यावरही विसंबू नका. स्वयंपाकघरातला सिलिंडर अर्धा असो की पाव, आतला दाब तोच असतो, कारण थोडाही द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानावर ठरतो. म्हणून आपण सिलिंडर वजन करून घेतो. एसी बंद असताना त्यातल्या गॅसचंही तसंच. किती ग्रॅम गॅस हवा ते बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर छापलेलं असतं. तेवढा काट्यावर मोजून भरायचा, आणि त्याआधी व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची.

आत्याकडे आम्ही दुसरा मेकॅनिक बोलावला. त्याने उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला, नळ्यांत नायट्रोजन भरला आणि साबणाचा फेस लावायला सुरुवात केली. फ्लेअर नट, म्हणजे नळीचं पसरवलेलं तोंड आवळून धरणारे नट, कोरडे निघाले. मग आतल्या युनिटचं झाकण काढलं. कॉइलवर तीन ठिकाणी मोहरीएवढे बुडबुडे उगवायला लागले. फेस पुसून टॉर्च मारला तरी तांब्यावर भोक काही दिसेना.

या लक्षणांवरून माझा संशय ज्याच्यावर जातो त्या प्रकाराला गंजशास्त्रात मुंग्यांच्या वारुळाचं नाव दिलेलं आहे. कॉइलची तांब्याची नळी जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर जाड असते. प्लायवूडचा गोंद, पॉलिश, व्हिनेगर यांतून फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्लाची अगदी किंचित वाफ हवेत येते आणि कॉइलवरच्या ओलीत विरघळते. आम्ल तांब्याशी संयोग पावतं, ते संयुग हवेतल्या ऑक्सिजनने बदलून ऑक्साइड बनतं, आणि या उलथापालथीत आम्लाचा अंश मोकळा होऊन पुढच्या तांब्याला लागतो. आम्ल संपत नाही म्हणून कणभरही पुरतं. ऑक्साइडला जागा जास्त लागते, त्यामुळे तो पाचरीसारखा तांब्याला फाडत जातो. नळी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर वारुळातल्यासारखी वाकडीतिकडी, एकमेकांना फुटलेली भुयारं दिसतात. योगायोग असा की फॉर्मिक आम्लाचं नावही मुंगीच्या लॅटिन नावावरूनच आलं आहे. आत्याच्या त्याच खोलीत दोन वर्षांपूर्वी प्लायवूडचं मोठं कपाट झालं होतं. दोष त्या कपाटाचाच, हे मात्र नळी कापल्याशिवाय सिद्ध होणार नाही.

नाल्यालगतच्या घरांना दुसरा शत्रू आहे. ग्वाल्हेरच्या स्वर्णरेखा नाल्यात सांडपाणी वाहतं, आणि सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. घरातली चांदी ज्या प्रकारे काळी पडते, तसं त्याने तांबं काळं पडतं आणि पोखरतंही. कॉइल काळवंडली असेल तर इकडे लक्ष द्या.

माझं मत स्पष्ट आहे. गळती फ्लेअर नटात किंवा एखाद्या सांध्यात असेल, तर यंत्र कितीही जुनं असलं तरी दुरुस्त करा. माझ्या स्वतःच्या २०१३ च्या एसीचा नट गळत होता. फ्लेअर नव्याने करून घेतलं, मोजून गॅस भरला, आणि मी तो बदलणार नाही. वारूळ लागलेल्या कॉइलची गोष्ट वेगळी. आज तीन भोकं ब्रेझिंगने (वितळवलेल्या धातूने) बुजवली तर पुढच्या वर्षी चौथं उघडेल. यंत्र नवं असेल तर कॉइल बदलावी. आत्याच्या मॉडेलची कॉइल कुठेच मिळेना.

शिवाय आर-२२ मध्ये क्लोरीन आहे, ओझोनच्या थराला तो घातक. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार भारताला २०३० पर्यंत तो जवळजवळ पूर्ण थांबवायचा आहे. “त्यात आर-३२ टाकून देतो” असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. आर-३२ हा नव्या एसींतला गॅस. त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, तेल वेगळं, आणि तो पेट घेऊ शकतो. जुनी यंत्रं त्यासाठी बनलेली नाहीत.

केवळ विजेच्या बचतीसाठी चालता एसी काढू नका, हेही हिशोबाने सांगतो. आत्याच्या जुन्या पट्टीवर ५२०० वॉट गारवा आणि १९०० वॉट वीज, म्हणजे २.७ पट. जुलै २०२२ ला लागू झालेल्या तक्त्यात पाच तारे मिळवायला हंगामभराची सरासरी किमान ५ पट लागत होती. तिचा उन्हाळ्याचा खप सुमारे १२०० युनिट धरला, तर तसं नवं यंत्र तेच काम ६५० मध्ये करेल. वाचले ५५० युनिट. ७ रुपये दराने चार हजारही नाहीत. ४५ हजारांचं यंत्र एवढ्यावर फिटायला अकरा-बारा वर्षं लागतील.

भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायच्या ‘पॉवर सेव्हर’ डब्या तर घेऊच नका. आत एक छोटा कॅपेसिटर असतो. घरगुती बिल प्रत्यक्ष खर्च झालेल्या युनिटांचं येतं, आणि ते युनिट त्या कॅपेसिटरने कमी होत नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आत्याकडे नवा हॉट अँड कोल्ड बसला. पाइप जोडल्यावर बसवायला आलेला मुलगा लगेच व्हॉल्व्ह उघडायला निघाला, तर आत्याने त्याला अडवलं आणि व्हॅक्यूम पंप वीस मिनिटं चालवून घेतला. मग पट्टीवरचा ग्रॅमचा आकडा बिलाच्या मागे लिहून ते बिल तिने देवघराच्या खणात ठेवलं.