एकाच फ्रेमवर दोन फोटो

2024 च्या जूनमध्ये पेंटॅक्सने '17' नावाचा कोरा करकरीत फिल्म कॅमेरा बाजारात आणला आणि फिल्मचं वेड नुसतं जुन्या आठवणींवर जगत नाही हे दिसलं. या लाटेत खिशात मावणारे जुने कॅमेरेही वर आले. त्यांतला लाडका म्हणजे 1997 चा ऑलिंपस म्यू-2. त्याच्या लेन्समध्ये 'जादू' आहे असं रील्सवाले सांगतात. लेन्स चांगलीच आहे, 35 मिमी, एफ/2.8. पण रात्री मरीन ड्राइव्हवर मित्राला उभं करून फ्लॅश मारलात, की जादूबिदू काही होत नाही. चेहरा पांढराफटक, आणि मागचा राणीचा हार म्हणजे काळोखात चार फिकट ठिपके.

फ्लॅश कमी पडला, असं सगळे म्हणतात. तो कितीही मोठा असता तरी कमीच पडला असता. उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो हे शाळेत शिकलोय. मित्र दोन मीटरवर आणि इमारती एक किलोमीटरवर, म्हणजे अंतर पाचशेपट. तिथे पोचणारा उजेड मित्रावरच्या उजेडाच्या अडीच लाखाव्या भागाइतका. शिवाय दिव्यांना फ्लॅश हवाय कशाला? ते स्वतःच उजेड देतात. ते फोटोत नीट उमटले नाहीत, कारण उजेड आत सोडणारं शटर फार लवकर मिटलं.

हे समजायला फ्लॅशच्या पोटात शिरावं लागतं. म्यू-2 ची बॅटरी तीन व्होल्टची. सर्किट तो दाब शेकडो व्होल्टपर्यंत चढवून कपॅसिटरमध्ये भार साठवत राहतं. थेंबथेंब भरलेली घागर एकदम उपडी करावी, तसा तो भार झेनॉन वायूच्या नळीतून रिकामा होतो. एरवी झेनॉन वीज वाहू देत नाही, म्हणून आधी काही हजार व्होल्टचा ठोसा देऊन त्याचं आयनीभवन करावं लागतं, म्हणजे त्याचे अणू विद्युतभारित करावे लागतात. (बंद पडलेला कॅमेरा कुतूहलापोटी उघडू नका. बॅटरी काढल्यावरही कपॅसिटर जबर झटका देतो.) सगळा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो.

आता शटर 1/60 सेकंद उघडं असो की पूर्ण दोन सेकंद, फ्लॅशचा फिल्मवर पडणारा उजेड तेवढाच! रोल तोच धरला, तर चेहऱ्याचं एक्सपोजर, म्हणजे तो किती उजळ उमटणार ते, ठरतं अंतरावर आणि अ‍ॅपर्चरवर, म्हणजे लेन्सच्या भोकाच्या आकारावर. मागच्या दिव्यांचं ठरतं अ‍ॅपर्चरवर आणि वेळेवर. म्हणजे चेहऱ्याला धक्का न लावता मागचा देखावा हवा तेवढा उजळता येतो. फक्त शटर उघडं ठेवायचं. रात्रीचा मोड एवढंच करतो. फ्लॅश उडतो आणि शटर उघडंच राहतं, म्यू-2 मध्ये चार सेकंदांपर्यंत. एकाच फ्रेमवर दोन फोटो.

थोडा हिशेब. आयएसओ म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचं माप. आयएसओ 100 च्या रोलवर या फ्लॅशचा पल्ला साधारण चार मीटर. अ‍ॅपर्चरचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं; या लेन्सचं सर्वांत मोठं भोक 2.8. 2.8 गुणिले 4, म्हणजे सुमारे 11; हा झाला गाइड नंबर, अंतराने भागला की हवं ते अ‍ॅपर्चर सांगणारा. मित्र दोन मीटरवर असेल तर 11 भागिले 2, म्हणजे अ‍ॅपर्चर 5.6 च्या घरात हवं. अनेक छोट्या कॅमेऱ्यांत शटर आणि अ‍ॅपर्चर यांची पाती एकच असतात. ती मधून उघडत जातात. भोक मोठं होत होत 5.6 ला आलं की त्याच क्षणी फ्लॅश उडवायचा, आणि मग पाती आणखी उघडून दिव्यांची वाट बघत थांबायची. अंतर ऑटोफोकसने इन्फ्रारेड किरण सोडून आधीच मोजलेलं असतं. मिलिसेकंदांचा हा ताळमेळ नव्वदीतली खिशातली डबी साधायची. जादू शोधायचीच तर इथे शोधा.

आयएसओ 400 चा रोल चौपट संवेदनशील, पण फ्लॅशचा पल्ला चौपट नाही, दुप्पटच होतो. पुन्हा तोच वर्गाचा नियम.

जुन्या अल्बममधल्या 'भुतांचा' उगमही इथेच. फ्लॅश सुरुवातीलाच उडतो, मित्राला वाटतं झालं, आणि तो चालू लागतो. शटर अजून उघडंच! त्याच्या जागी मागचे दिवे उमटतात आणि फोटोत अर्धपारदर्शक माणूस दिसतो. दुसरं भूत म्हणजे हवेत तरंगणारे पांढरे गोळे. त्यांना 'आत्मा' म्हणून शांत करायला पैसे मागणारे आहेत. तो असतो लेन्सपुढचा धुळीचा कण किंवा पावसाचा थेंब. फ्लॅशपासून दहा सेंटिमीटरवरच्या कणावर दोन मीटरवरच्या चेहऱ्याच्या चारशेपट उजेड पडतो, आणि इतक्या जवळ फोकस होत नसल्याने कणाची तबकडी होते. फ्लॅश लेन्सला जितका चिकटून, तितके आत्मे जास्त.

लाल डोळ्यांचंही कारण तेच. अंधारात बाहुल्या विस्फारलेल्या असतात आणि डोळ्याच्या आतल्या, मागच्या बाजूच्या रक्ताने भरलेल्या थरावरून प्रकाश आल्या वाटेने लेन्सकडे परततो. फ्लॅशच्या आधी होणारी लुकलुक बाहुल्या आकसण्यासाठी असते, तेवढ्यात पोज सोडायची नसते.

तेव्हा कॅमेरा कठड्यावर टेकवा, सेल्फ-टायमर लावा, आणि फ्लॅशनंतरही चार सेकंद हलू नको असं मित्राला सांगा. म्यू-2 चं सरकतं झाकण मिटलं की तो रात्रीचा मोड विसरून ऑटो फ्लॅशवर जातो. झाकण उघडाल तेव्हा दरवेळी मोड पुन्हा लावा. राहून गेला तर ते रोल धुऊन आल्यावरच कळतं.