उल्का चमकताक्षणी आवाज?

डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतल्या उल्का बघायला हौशी नाशिककर शहराच्या उजेडापासून लांब, अंजनेरीच्या पायथ्याशी नाहीतर पेठ रस्त्याला जाऊन बसतात. त्यांच्यातलं कुणी म्हणालं, 'उल्का गेली तेव्हाच सर्रकन आवाज आला,' तर त्याला वेड्यात काढू नका.

वरवर पाहता हे अशक्यच आहे. उल्का पेटते ८० ते १०० किलोमीटरवर, म्हणजे नाशिकहून शिर्डी जितकी लांब, साधारण तितकी उंच. ध्वनी सेकंदाला जेमतेम ३४० मीटर जातो. तिथला आवाज खाली यायला चारेक मिनिटं हवीत. १७१९ साली इंग्लंडवरून मोठा अग्निगोल, म्हणजे अतिशय तेजस्वी उल्का गेली, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी लोकांच्या हकिगती गोळा करून तिची उंची काढली आणि सरसर ऐकल्याचं सांगणं मनाचे खेळ ठरवलं. हॅलींचं गणित चोख होतं, पण ती माणसंही खरंच बोलत होती, असं मला वाटतं.

कारण आवाज उल्केपाशी नव्हे, आपल्या कानाशी तयार होत असावा. ऑस्ट्रेलियाचे भौतिकशास्त्रज्ञ कॉलिन के यांनी १९८० मध्ये मांडलं, की अग्निगोलाच्या शेपटीतून अतिशय कमी कंपनसंख्येच्या रेडिओलहरी निघतात; त्या प्रकाशाच्या वेगाने येतात आणि केस, चष्म्याची काडी, पातळ पत्रा थरथरवतात. १९९८ मध्ये सिंह राशीतल्या उल्कावर्षावात मंगोलियात असे दोन आवाज उपकरणांवर नोंदले गेले. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दुसरी वाट दाखवली. अग्निगोलाचा उजेड सेकंदाला शेकडो-हजारो वेळा कमीजास्त होतो. वाळकी पानं, केस, काळं कापड त्या ठेक्यावर क्षणभर तापतात, लगतची हवा फुगते-आकसते आणि ऐकू येतं. त्यासाठी उल्का पौर्णिमेच्या चंद्राइतकी तरी तेजस्वी हवी. म्हणूनच हे इतकं दुर्मीळ.

दोन्हींतलं खरं कोणतं, याचा शोध आपल्याकडेही घेता येईल. एका मायक्रोफोनभोवती वाळकं गवत आणि काळं लोकरी कापड उघड्यावर ठेवा. दुसरा मायक्रोफोन पातळ ॲल्युमिनियमच्या कागदासकट बंद लाकडी पेटीत घाला. तिथे उजेड शिरत नाही, रेडिओलहरी शिरतात. आवाज कुठे उमटतो ते पाहायचं. जोडीला आकाशाचं चित्रण हवं, आणि सगळ्यांचं घड्याळ एक हवं. सेकंदाची चूकही चालणार नाही. रातकिडे आणि हायवेची घरघर नोंदीत येणारच.

माझी खरी भिस्त मात्र निफाडच्या बागायतदारांवर आहे. पारा उतरला की द्राक्षं वाचवायला ते पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. इतक्या शांत वेळी उघड्या आकाशाखाली जागं कोण असतं? त्यांना काही ऐकू आलं तर वेळ, दिशा, डोक्यावर टोपी की मफलर, शेजारी तारा होत्या की पाचोळा, हे तिथल्या तिथे लिहून ठेवावं. आणि पाचेक मिनिटं कान देऊन थांबावं, कारण मोठ्या उल्केचा गडगडाट मागून येतो. घरात असाल तर तेवढा वेळ काचेच्या खिडकीपासून दूर राहा: २०१३ मध्ये रशियात चेल्याबिन्स्कला लखलखाट पाहून खिडकीशी आलेली कितीतरी माणसं मागून आलेल्या धक्क्याने फुटलेल्या काचांनी जखमी झाली.