रॉचेस्टर क्वाड्राजेट

जनरल मोटर्सच्या रॉचेस्टर प्रॉडक्ट्स विभागाने १९६५ मध्ये बाजारात आणलेला चार नळ्यांचा (फोर-बॅरल) कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे उपकरण. १९९० पर्यंत तो अमेरिकी गाड्यांवर बसत होता. पाँटिअॅकच्या ३.८ लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनापासून कॅडिलॅकच्या ८.२ लिटरच्या व्ही-८ पर्यंत एकाच रचनेने काम भागवले. फोर्डनेही ४२९ कोब्रा जेट इंजिनासाठी काही काळ तो वापरला. तरीही जुन्या गाड्यांच्या शौकिनांत त्याची ख्याती ‘क्वाड्राजंक’ (जंक म्हणजे भंगार) अशी झाली. ही बदनामी बरीचशी अन्यायाची आहे.

पुढच्या दोन नळ्या लहान (सुमारे ३५ मिमी), मागच्या दोन मोठ्या (सुमारे ५७ मिमी). रोजचे चालवणे पुढच्या नळ्यांवरच भागते, त्यामुळे पेट्रोल कमी लागते. पॅडल पूर्ण दाबले की मागच्या नळ्यांच्या थ्रॉटल-पट्ट्या (पॅडलने फिरणाऱ्या झडपा) उघडतात. पण त्यांच्या वर स्प्रिंगने धरलेली हवेची झडप असते आणि ती इंजिनाच्या ओढीइतकीच उघडते. मिनिटाला ७५० घनफूट हवा देऊ शकणारा कार्बोरेटर लहान इंजिनावरही चालतो तो यामुळेच. झडप उघडताना तिच्याशी जोडलेल्या निमुळत्या सुया (मीटरिंग रॉड) वर उचलल्या जातात आणि पेट्रोलची वाट रुंदावते.

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे पॅडल दाबताच इंजिन क्षणभर गुदमरणे. येथे बहुतेक जण जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोके) बदलायला धावतात. आधी पाहायचे ते चोकजवळचे (चोक म्हणजे थंड इंजिनासाठी हवा आवळणारी झडप) व्हॅक्यूम-डायफ्रॅम, म्हणजे इंजिनाच्या ओढीने हलणारा पातळ पडदा. हवेची झडप सावकाश उघडू देणे हेही त्याचेच काम. ते फाटले की झडप एकदम उघडते, हवा आत धावते आणि पेट्रोल मागे राहते. डायफ्रॅम शाबूत असेल तर झडपेच्या स्प्रिंगचा ताण थोडा वाढवावा. तो साधारणपणे अर्धा ते पाऊण फेरा असतो, नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो. पॅडल दाबताच जादा पेट्रोल फवारणाऱ्या अॅक्सिलरेटर पंपाचा वॉशर कडक झाला असेल, तरी लक्षण जवळपास असेच दिसते.

सकाळी गाडी लवकर सुरू होत नसेल तर फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगकाच्या) टाकीच्या बुडाशी ठोकून बसवलेले धातूचे प्लग (बुचे) तपासतात. तेथून पेट्रोल रात्रभर इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या वाटेत) झिरपते. उपाय म्हणून प्लगवर इपॉक्सी लावतात. मात्र टाकी मुळातच लहान असल्याने हल्लीचे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उडूनही जाते, म्हणून प्लगवर लगेच ठपका ठेवू नये. फ्लोट हलक्या फेसाळ प्लास्टिकचा असतो. वर्षानुवर्षे पेट्रोल शोषून तो जड होतो, पातळी चढते आणि धुराड्यातून काळा धूर येतो. तो वजन करूनच पारखावा, डोळ्यांना काही कळत नाही. थ्रॉटलच्या दांड्याची भोके झिजली की तेथून हवा शिरते आणि आयडलिंग (पॅडल न दाबता इंजिनाचे मंद चालणे) डळमळते. त्यावर बुश (धातूची छोटी नळी) बसवतात. पेट्रोल-नळीचा पुढचा मोठा नट ताकद लावून आवळल्याने मऊ ओतकामाचे आटे गेलेले असतात, ही करणी माणसाची.

कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी प्रज्वलन तपासावे. शेवरले व्ही-८ चे कॉन्टॅक्ट पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) २८ ते ३२ अंश ड्वेलवर, म्हणजे ते मिटलेले राहतात त्या कोनावर, नसतील किंवा टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे असेल, तर कोणताही स्क्रू फिरवून उपयोग नाही. समुद्रसपाटीवर धडधाकट मूळ इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम दाखवते.

हाच आकडा फेरफार करणाऱ्यांना नडतो. तेज कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बसवला की व्हॅक्यूम घसरतो. पुढच्या नळ्यांच्या सुया व्हॅक्यूमच्या जोरावर खाली धरणारा पॉवर पिस्टन मग आयडलिंगलाच वर येतो आणि मिश्रण श्रीमंत होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त पडते. जेट लहान करणे हा उपाय नव्हे. पिस्टनखालची स्प्रिंग मऊ लावावी लागते. पुढच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास इंचाच्या सहस्रांशात सांगतो (७२ म्हणजे १.८३ मिमी). पण पेट्रोल वाहते ते जेट आणि सुई यांच्यामधल्या कड्यातून, म्हणून दोन्हींचा हिशेब एकत्र मांडावा. मागच्या सुया एकच स्क्रू काढून बदलता येतात. रस्त्याकडेला उभे राहून एवढे सोपे ट्यूनिंग फार थोड्या कार्बोरेटरवर जमते.

१९८१ पासून अमेरिकेतील बहुतेक मॉडेलांवर संगणक-नियंत्रित आवृत्ती आली. तिच्यातील सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) सेकंदाला दहा वेळा ठोके देऊन मिश्रण सावरतो. त्याची तपासणी पॉइंटसाठीच्या जुन्या ड्वेल मीटरनेच होते: सहा सिलिंडरच्या पट्टीवर काटा ३० अंशांच्या आसपास हलत राहिला पाहिजे. अशा गाडीवर साधा क्वाड्राजेट चढवणे यांत्रिकदृष्ट्या शक्य असले, तरी प्रदूषणरोधक यंत्रणा काढणे तेथील संघीय कायद्याला मान्य नाही. कॅलिफोर्नियात १९७५ व त्याआधीच्या मॉडेलांना धूर-तपासणीतून सूट आहे; त्यानंतरच्या गाड्यांवर मूळ कार्बोरेटरच दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे.