शोभेचे मासे परदेशी पाठवताना किंवा मागवताना : अर्ज नेमके कुठे अडतात

परदेशातून शोभेचे मासे मागवणाऱ्याला, किंवा आपल्या टाकीतली पैदास बाहेर पाठवणाऱ्याला, पहिला धक्का बसतो तो हा की ‘माशांचा परवाना’ अशी एकच वस्तू नसतेच. प्रश्न तीन असतात आणि बहुतेक देशांत ते तीन वेगळी कार्यालयं विचारतात. या जातीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधन आहे का? मासा सोबत रोग आणतोय का? आणि उद्या कुणी तो नदीत सोडला तर तो तिथे माजेल का? एका खिडकीवरचा होकार दुसऱ्या खिडकीवर चालत नाही, आणि या खिडक्या एकमेकींशी फारशा बोलतही नाहीत. म्हणून एका ठिकाणी सगळं मंजूर झालेली खेप विमानतळावर भलत्याच कारणाने अडून बसते. मासे तोवर पिशवीतच असतात.

या तिन्हींतला शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. तिथे नकार असेल तर बाकीचे कागद जमवण्यात घातलेले पैसे पाण्यात गेले. ऑस्ट्रेलियात परवानगी असलेल्या जातींची यादी आहे. यादीत नाव नाही म्हणजे मासा येणार नाही, तो कितीही गरीब स्वभावाचा असला तरी. यादीत नवं नाव घालून घेण्याची सोय आहे, पण ती एका खेपेसाठी करण्यासारखी नाही. अमेरिकेत उलटी रीत : १९०० सालच्या लेसी कायद्याखाली घातक ठरवलेल्या प्राण्यांची यादी आहे आणि २००२ पासून स्नेकहेडचं, म्हणजे चन्नांचं, अख्खं कुळ तिच्यात आहे. इथे हौशी मंडळी हमखास फसतात. वीतभरसुद्धा न वाढणारा रंगीत चन्ना आणि मीटरभर वाढणारा चन्ना यांत कायदा फरक करत नाही. युरोपीय संघाची आक्रमक परकीय प्रजातींची यादी २०१४ च्या नियमावलीखाली येते आणि तिच्यात वेळोवेळी भर पडते. पम्पकिनसीड सनफिश आणि समुद्री टाक्यांत पूर्वी सर्रास दिसणारा पट्टेरी ईल-कॅटफिश, दोघेही २०१९ मध्ये तिच्यात गेले. जनुक बदलून चमकवलेल्या माशांना तर युरोपात बाजारात आणायची परवानगीच नाही. परदेशी संकेतस्थळावर विकायला आहे म्हणजे आपल्याकडे आणता येतो, हा समज सोडा. विकणाऱ्याला तुमचा कायदा माहीत असण्याचं कारण नाही, आणि बरेचदा त्याला त्याची फिकीरही नसते.

सायटीस : कुणाला लागतं, कुणाला नाही

गप्पी, मॉली, निऑन टेट्रा, एंजल, फायटर यांना सायटीसचा, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना लागत नाही. गोड्या पाण्यातले बहुतांश शोभेचे मासे शेततळ्यांत आणि हॅचऱ्यांत पैदा होतात आणि या कराराच्या कक्षेबाहेर आहेत. समुद्री मासे मात्र बहुतांश जंगलातून, म्हणजे प्रवाळ खडकांतून पकडलेले असतात, तरी त्यांतलेही थोडेच या याद्यांत आहेत. करार १९७३ चा, अंमल १९७५ पासून. त्याची तीन परिशिष्टं आहेत. पहिल्यात आशियाई अरोवाना. दुसऱ्यात सगळे समुद्री घोडे, क्लॅरियन एंजल, झेब्रा प्लेको आणि स्टिंग रेच्या काही जाती. शिवाय कठीण प्रवाळ, महाकाय शिंपले आणि ‘लाइव्ह रॉक’ नावाने विकला जाणारा प्रवाळखडक. दगड म्हणून लाइव्ह रॉक बिनधास्त मागवणारे पुष्कळ आहेत. कराराच्या लेखी तो प्रवाळ आहे.

तिसऱ्या परिशिष्टाकडे कुणी बघत नाही आणि तिथेच ठेच लागते. एखाद्या देशाने स्वतःच्या हद्दीतली जात वाचवायला इतरांची मदत मागितली की ती इथे येते. कोलंबियाने २०१७ पासून मोटोरो स्टिंग रेसह काही जाती अशा नोंदवल्या आहेत. मासा कोलंबियाचा असेल तर तिथला निर्यात परवाना लागतो. तो दुसऱ्याच देशात कुणाच्या टाकीत जन्मलेला असेल तरी मोकळीक नाही, त्या देशाचं मूळस्थान प्रमाणपत्र लागतं. ‘आमचा तर घरचा मासा’ हे उत्तर दहातले नऊ जण देतात. घरचा आहे हे सरकारने लिहून दिलेला कागद म्हणजेच ते प्रमाणपत्र.

याद्या बदलतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मित्राने वापरलेला अर्ज समोर ठेवून आपला भरू नका. झेब्रा प्लेको हे याचं ठळक उदाहरण. ब्राझीलच्या शिंगू नदीतला हा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा मासा २०१७ मध्ये तिसऱ्या परिशिष्टात आला. २०२२ च्या परिषदेत तो दुसऱ्यात गेला आणि फेब्रुवारी २०२३ पासून ते लागू झालं. नदीतून पकडलेल्या माशांच्या व्यापारी निर्यातीचा कोटा शून्य. मासा नोंद होण्याआधीपासून आपल्याकडे आहे असं म्हणणाऱ्यांसाठी वेगळा, करारपूर्व असल्याचा दाखला मिळतो. पण त्यासाठी धरली जाणारी तारीख जात पहिल्यांदा कुठल्याही परिशिष्टात आली ती, म्हणजे २०१७ ची. २०२१ ची पावती घेऊन येणारे इथूनच परत जातात.

टाकीत जन्मला म्हणजे ‘सी’ नव्हे

सगळ्यात जास्त अर्ज ज्या चौकटीत मरतात ती म्हणजे स्रोताच्या सांकेतिक अक्षराची. जंगलातून पकडलेल्याला डब्ल्यू, बंदिस्त पैदाशीला सी, बंदिस्त जागेत नुसता जन्मलेल्याला एफ, आणि पहिल्या परिशिष्टातल्या जातींच्या नोंदणीकृत व्यापारी पैदाशीला डी. लोक डोळे मिटून ‘सी’ लिहितात. पिल्लं तर आपल्या डोळ्यांदेखत अंड्यातून आली, मग आणखी काय हवं?

हवं ते असं. ‘सी’ साठी मूळ जोड्या कायदेशीर मार्गाने आलेल्या असाव्या लागतात, आणि तो साठा बाहेरून जंगली मासे न घालता चालत असावा लागतो. आणखी एक अट म्हणजे त्या साठ्याने दुसरी पिढी दिलेली असावी, किंवा तो दुसरी पिढी खात्रीने देईल अशा रीतीने सांभाळला जातोय हे दाखवता यावं. जंगलातून आणलेल्या नर-मादीची पहिली पिल्लं म्हणजे ‘एफ’. त्यांचा परवाना नेहमीच्याच वाटेने जातो, म्हणजे या व्यापाराने जंगलातल्या साठ्याला धोका नाही असा शास्त्रीय अभिप्रायही आला. त्याला वेळ लागतो. ‘सी’ लिहून तो वाचवायला गेलात तर खोटं विधान केल्याचा शेरा बसतो, आणि पुढचे अर्जही मग भिंगाखाली जातात.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो : आईबापाचा. पिल्लांचा अर्ज असला तरी अधिकारी विचारतो मूळ जोडी कुठून आली ते, आणि विचारायचा त्याला हक्क आहे. कायदेशीर प्राप्तीची खात्री केल्याशिवाय परवाना द्यायचा नाही असंच करार सांगतो. पण शौकिनांच्या जगात मासे हातोहात फिरतात. क्लबच्या मेळाव्यात अदलाबदल होते, कुणी शहर सोडून जाताना टाकी देऊन टाकतो, कुणी वाढदिवसाला जोडी देतो. पावती मागणं तिथे उद्धटपणाचं वाटतं. सहा वर्षांनी ती जोडी अंडी घालते आणि मग तुम्ही त्या माणसाला शोधत फिरता. हा कागद मागाहून तयार करता येत नाही. केलाच तर तो बनावट कागद असतो. म्हणून यादीतली किंवा यादीत जाण्याची चर्चा असलेली जात घेताना एक साधी चिठ्ठी घ्याच : देणाऱ्याचं नाव, तारीख, शास्त्रीय नाव, संख्या, आणि त्याच्याकडे मूळ परवाना असेल तर त्याचा क्रमांक. सोबत विणीची वही ठेवा. कुठल्या जोडीने कधी अंडी घातली, किती पिल्लं जगली, किती मेली, कुणाला दिली. मेलेल्यांची नोंद लोक टाळतात. पण ज्या वहीत एकही पिल्लू मेलेलं नाही, तिच्यावर मासे पाळलेला कोणताही अधिकारी विश्वास ठेवणार नाही.

अरोवानाचं प्रकरण वेगळं. तो पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापार बंदच. फक्त सायटीस सचिवालयाकडे नोंद झालेल्या पैदास केंद्रांतल्या माशांना वाट आहे. अशी केंद्रं मुख्यतः इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूरमध्ये आहेत. प्रत्येक माशाच्या अंगात चिप असते, आणि चिपचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी अंक न अंक जुळावा लागतो. मासा आणि प्रमाणपत्र वेगवेगळे विकले जाण्याचे प्रकार होतात, त्यामुळे घेताना चिप वाचून घ्या. अमेरिकेत तर हे सगळं असूनही तो हौसेसाठी नेता येत नाही, कारण तिथल्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यात तो वेगळा नोंदलेला आहे. या एका माशावर लोकांनी जेवढे पैसे घालवलेत तेवढे क्वचितच दुसऱ्या कुठल्या माशावर घालवले असतील.

सहा महिने कशाचे?

निर्यात परवान्याची मुदत दिल्या तारखेपासून सहा महिने. ही मुदत मासे निघण्याची आहे असं समजून लोक शेवटच्या आठवड्यात विमान ठरवतात. मुदत संपण्याआधी मासे पोचून तिकडच्या अधिकाऱ्यासमोर कागद सादर व्हायला हवेत. विमान चुकलं, मधल्या विमानतळावर खेप राहिली, सुट्टी आली, की परवाना नुसता कागद. मागील तारखेने परवाना देण्याची पद्धत नाही; अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

क्रमही महत्त्वाचा. पहिल्या परिशिष्टासाठी आधी आयात परवाना निघाला पाहिजे, मगच निर्यात परवाना मिळतो. दुसऱ्या परिशिष्टासाठी करारानुसार आयात परवाना लागत नाही, हे बरोबर. पण युरोपीय संघ स्वतःच्या नियमांनी त्यातल्या जातींसाठीही तो मागतो. ‘करारात तर लिहिलेलं नाही’ हा वाद काउंटरवर जिंकल्याचं ऐकिवात नाही.

सगळ्यात कमी मुदत आरोग्य प्रमाणपत्राची. युरोपसाठी ते दिल्यापासून दहा दिवसच चालतं. म्हणून तो कागद सगळ्यात शेवटी, विमानाची जागा पक्की झाल्यावर घ्या. उत्साही माणूस नेमका तोच आधी घेऊन ठेवतो. सही सरकारी पशुवैद्यकाची किंवा अधिकृत अधिकाऱ्याची लागते. नेहमीच्या खासगी डॉक्टरने छान लेटरहेडवर लिहून दिलेलं चालत नाही. नमुनाही जाणाऱ्या देशाचा असतो, पाठवणाऱ्याचा नाही. आणि इथे साधे मासेच त्रास देतात. गोल्डफिश आणि कोईला सायटीस नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण कार्प कुळातल्या या दोन्ही माशांना स्प्रिंग व्हायरेमिया हा रोग होऊ शकतो, आणि कोईला शिवाय कोई हर्पीस विषाणूचा. अमेरिकेत त्यांच्यासाठी कृषी खात्याचा वेगळा आयात परवाना, आरोग्य प्रमाणपत्र आणि उतरल्यावर पशुवैद्यकीय तपासणी, असं सगळं लागतं.

खेप येणार ही सूचनाही आधी द्यायची असते : अमेरिकेत जिवंत प्राण्यांसाठी किमान ४८ तास, युरोपात किमान एक कामाचा दिवस. कामाच्या दिवसात शनिवार-रविवार धरलेले नाहीत, आणि खेप कुठल्याही विमानतळावर उतरवता येत नाही, ठरलेल्याच ठिकाणी.

नाव आणि संख्या

इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, परवाना, आरोग्य प्रमाणपत्र, एअरवे बिल. या पाचांवर शास्त्रीय नाव आणि संख्या एकसारखी हवी. ‘मिक्स प्लेको ५०’ हे दुकानात चालतं. प्लेकोसारख्या कॅटफिशना दिलेले एल-क्रमांकही व्यापाऱ्यांची सोय आहे, कायदेशीर नाव नव्हे. नावं बदलतात तेव्हा सायटीस कुठलं धरतं ते त्यांच्या ठरलेल्या संदर्भसूचीत बघा. परवान्यावर एक आणि इन्व्हॉइसवर दुसरं लिहू नका.

संख्येत घात करते ती व्यापाऱ्याची दानत. वाटेत दोन-चार मरतील म्हणून प्रत्येक पिशवीत जास्तीचे मासे टाकायची जुनी रीत आहे. बाकी माशांत ती फक्त मोजणीचा गोंधळ करते. परवान्याच्या जातीत मात्र वीसच्या जागी बावीस निघाले की वरचे दोन मासे विनापरवाना ठरतात, आणि ती नुसती चूक राहत नाही. पाठवणाऱ्याला आधीच लेखी कळवा : एकही जास्त नको. पिशवीत फुकटची वनस्पती किंवा गोगलगायही नको. वनस्पतींना वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि पोमेसिया गटातले सगळे ॲपल स्नेल युरोपात बंद आहेत. अमेरिकेत २०२१ मध्ये टाकीत घालायच्या मॉस बॉल्समधून झेब्रा शिंपले निघाले, तेव्हापासून तपासणारे अशा हिरव्या गोष्टींकडे जरा जास्तच बारकाईने बघतात.

पॅकिंगचे नियम आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जिवंत प्राणी नियमावलीत आहेत : दुहेरी पिशवी, प्राणवायू, उष्णतारोधक खोकं, वरची बाजू दाखवणारं लेबल. चांगला निर्यातदार हे करतोच.

निघताना सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून परवान्यावर प्रत्यक्ष गेलेली संख्या आणि शिक्का घेतल्याशिवाय खोकी सोडू नका. ती चौकट कोरी राहिली तर पलीकडचा अधिकारी परवाना वैध मानेलच असं नाही. आणि मूळ प्रत पाठवा. जिथे इलेक्ट्रॉनिक परवाना मान्य आहे तिथे गोष्ट वेगळी, एरवी झेरॉक्स नाही, मोबाइलमधला फोटो तर नाहीच.

खेप अडलीच तर कारण लेखी मागा. तोंडी मिळालेल्या ‘कागद अपुरे आहेत’ वर अपील करता येत नाही. लेखी कारणात कुठला कागद आणि कुठला नियम हे यावं लागतं, आणि पुष्कळदा ते लिहायला बसल्यावरच अधिकाऱ्याच्या लक्षात येतं की कागद फाइलमध्ये होता. खरंच नसेल, तर मासे परत पाठवायचे की जप्त होऊ द्यायचे हा निर्णय फार थोड्या वेळात करावा लागतो. परतीच्या विमानाचा आणि मधल्या सांभाळाचा खर्च कुणी द्यायचा, हे पाठवणाऱ्याशी ऑर्डरच्या वेळीच लिहून ठरवलेलं असावं.